दुरुस्तीला नारळ नाही

20 सप्टेंबर 2024, शुक्रवार, दुपारची वेळ. पुण्याच्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेची एक गाडी जमिनीत गेली. रुतली नाही, कलंडली नाही. पेव्हर ब्लॉक फाकले आणि गाडी मागच्या बाजूने उभीच्या उभी आत उतरली. चालक वेळीच बाहेर पडला म्हणून बचावला. मग अग्निशमन दल आलं, क्रेन आल्या, बघे आले आणि ठिकाण बुधवार पेठ असल्यामुळे क्रेनवाल्यांना मार्गदर्शन करणारेही आले. खाली जुनी विहीर असावी, असं सांगण्यात आलं. गाडी कसली होती? ड्रेनेज साफ करायची.

तीनच दिवसांपूर्वी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. शेजारच्या लक्ष्मी रस्त्यावर रात्रभर ढोल वाजले, लाखो लोक नाचले. पायाखाली काय आहे हा प्रश्न त्यांना पडण्याचं कारण नव्हतं. ज्यांना पडायला हवा होता त्यांनाही तो पडलेला नव्हता, हे गाडीने स्वतः आत जाऊन दाखवून दिलं.

जुन्या गावभागातल्या ड्रेनेजचा नकाशा नसतो असं नाही. असतो. पण तो लाईन कशी टाकायची ठरलं होतं त्याचा. प्रत्यक्षात ती कशी टाकली, कुठे दगड लागला म्हणून वळवली, कोणाच्या ओट्याखालून दामटली, हे सगळं मुकादमाच्या डोक्यात. हा गृहस्थ हातात पहार घेऊन गल्लीतून चालतो आणि पहारीचं बूड डांबरावर आपटत जातो. ठक्क, ठक्क, ठक्क, ढब्ब. ‘हितं आहे बगा चेंबर.’ मग तिथे खणायचं. डांबराचे तीन-चार थर निघतात, प्रत्येक थर एकेका निवडणुकीचा, आणि त्याखाली खरोखरच लोखंडी झाकण सापडतं. झाकण वर उचलून घ्यायचं आणि मग डांबर टाकायचं, हे पथ विभागाच्या कामात येत नाही. झाकण ड्रेनेजवाल्यांचं. डांबर रस्तेवाल्यांचं. पहार मुकादमाची.

हा मुकादम एक दिवस निवृत्त होतो. शाल देतात, श्रीफळ देतात, दोन शब्द बोलतात, आणि नकाशा पिशवीत श्रीफळाशेजारी बसून घरी जातो. जमिनीखालच्या दुरुस्तीच्या खात्यात नारळ येतो तो हा एवढाच.

नव्या कामाला मात्र नारळ लागतोच. ‘प्रभागात नवीन ड्रेनेज लाईन टाकण्याच्या कामाचा शुभारंभ’ असा फ्लेक्स तुम्ही पाहिला असेल. त्यावर बारा चेहरे, त्यातले दोन हात जोडून, एक मोबाईल कानाला लावून. खाली ‘यांच्या पाठपुराव्याला यश’. मार्च 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं पुण्या-मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचं राज्य होतं. म्हणून फ्लेक्स कमी झाले का? उलट वाढले. आधी फक्त ‘नगरसेवक’ असत, या काळात ‘माजी’ आणि ‘भावी’ असे दोन दोन झाले. पण या सगळ्या फ्लेक्सांत ‘चाळीस वर्षांपूर्वीची लाईन तपासून फुटलेले सांधे बुजवण्याच्या कामाचा शुभारंभ’ असा एक तरी पाहिलाय का? दुरुस्तीला मुहूर्त नसतो, पाहुणा नसतो, पेढा नसतो. दुरुस्ती म्हणजे आधीचं बिघडलं होतं याची जाहीर कबुली, आणि ती फ्लेक्सवर छापायला पैसे कोण देणार?

आता ती लाईन नेमकी बिघडते कशी ते बघू. नाकाला रुमाल लावून वाचलंत तरी चालेल.

जुन्या पेठांतून अजून चिनी मातीचे म्हणतात ते, तपकिरी चकाकीचे स्टोनवेअर पाईप आहेत. माल उत्तम. आम्ल लागत नाही, गंज नाही, पाईपला स्वतःला काही होत नाही. पण एकेका तुकड्याची लांबी साधारण दोन फूट. म्हणजे शंभर फुटांत पन्नास सांधे, आणि प्रत्येक सांधा काथ्या नि सिमेंटने हाताने भरलेला. वरून पाण्याचे टँकर जातात, जमीन थोडी दबते, सांध्याला केसाएवढी फट पडते. पिंपळाला तेवढी पुरते. बारा महिने ओल आणि वर खत, असं घर पिंपळाला दुसरीकडे कुठे मिळणार? मूळ तंतूएवढं आत येतं आणि चार-पाच वर्षांत पाईपात दाढी उगवते. त्या दाढीत केस, चिंध्या, सॅनिटरी पॅड, थिजलेलं तळणीचं तेल अडकतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ड्रेनेजचा फोन का वाजत राहतो, त्याचं उत्तर चकलीच्या कढईत आहे.

स्टोनवेअरनंतर आले सिमेंटचे ह्यूम पाईप. मूळ ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूमचं तंत्र. आपल्याकडे ‘इंडियन ह्यूम पाईप’ ही कंपनी 1926 मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केली. या पाईपांची तऱ्हा निराळी. ते वरून कुजतात. तुंबलेल्या, संथ मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड वायू निघतो, तो पाईपाच्या छताला जाऊन चिकटतो आणि तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. आम्ल सिमेंट खातं. पाईपाचा तळ शाबूत, पाणी वाहतंय, सगळं छान; आणि छत पापडासारखं झालेलं. एक दिवस ते बसतं, वरची माती पाईपात उतरते, पाणी ती माती पुढे वाहून नेतं, आणखी माती उतरते. रस्त्याखाली पोकळी तयार होते. आता वर डांबर असेल तर ते आधी किंचित खचतं, तिथे पाणी साचतं, कोणीतरी कुंडी ठेवतं किंवा झाडाची फांदी रोवतं, म्हणजे निदान कळतं तरी. वर काँक्रीट असेल तर ते पोकळीवर तसंच ताठ उभं राहतं. चुगली करत नाही. थेट निकालच लावतं.

आणि सध्या सगळीकडे काँक्रीट चाललंय. नऊ फुटी बोळालाही काँक्रीट. मला काँक्रीटचा राग नाही. खड्डे कमी होतात, रिक्षा गचके खात नाही. पण गल्ली आठ इंच काँक्रीटने लिंपण्याआधी खालची लाईन किती वर्षांची आहे, एवढं तरी कोणी विचारावं? मलनिःसारणाच्या केंद्रीय नियमावलीत लाईनचा आराखडा तीस वर्षांचा धरतात. तीस वर्षांनंतर लाईन लगेच मोडीत निघते असं नाही, पण तिने आपला शब्द पाळलेला असतो. पन्नास वर्षांच्या लाईनवर तीस वर्षं टिकणारा रस्ता घालायचा, मग सहा महिन्यांत चोकअप झालं की तोच रस्ता कटर लावून कापायचा, वर सिमेंटचं ठिगळ मारायचं, या सगळ्याला तीन निविदा लागतात. तिन्ही निविदांची कामं नियमात बसतात. हाच तर त्यातला सुंदर भाग.

रस्त्याला काँक्रीट घातल्याचं दिसतं, त्याला नारळ फुटतो. त्याच पैशात आधी पाईप बदलला तर लोक म्हणणार, ‘पाच महिने खणून ठेवलंय नुसतं.’ आणि बरोबरच आहे त्यांचं, खणून ठेवलेलं असतंच. एका बाजूला राडारोडा, दुसऱ्या बाजूला पाईपांची चळत, मधून बायका फळीवरून तोल सांभाळत दूध आणायला जाताहेत, आणि ठेकेदाराची माणसं उत्तरेकडे, होळीला.

इथवर सगळं महापालिकेवर ढकललं की वाचक खुश होतात. म्हणून आता जरा सोसायटीच्या गेटातून आत येऊ.

पूर्वी गल्लीत वीस वाडे होते. वाड्यात सरासरी चाळीस माणसं धरली आणि माणशी 135 लिटर पाणी या सरकारी मापाने गेलो, त्यातलं ऐंशी टक्के गटारात येतं असं धरलं, तर एका वाड्याचं दिवसाचं सांडपाणी झालं सुमारे 4,300 लिटर. वाडे पडले, इमारती झाल्या. चाळीस फ्लॅट, एकशे साठ माणसं, 17,000 लिटरांच्या वर. गल्लीतली सहा इंची लाईन तीच. सांडपाणीही चोवीस तासांत वाटून येत नाही. सकाळी सहा ते नऊ सगळ्या गल्लीला एकदमच आंघोळ आठवते. सरासरीच्या तिप्पट लोंढा धरून हिशेब केला तर वीस इमारतींचं पाणी त्या सहा इंचांत जेमतेम काठोकाठ बसतं. तेही लाईनला उतार नीट असेल आणि तळाला गाळ नसेल तर. उतार पाणसळीने नव्हे, ठेकेदाराच्या मुलाच्या नजरेने दिलेला असतो.

पण खरी गंमत गच्चीवर आहे. गच्चीचं पावसाचं पाणी पावसाळी गटारात सोडायचं असा नियम. पावसाळी गटार रस्त्याच्या पलीकडे, ड्रेनेजचं चेंबर गेटाजवळ. बिल्डरने काय केलं असेल? आणि ताबा घेतल्यावर आपण ते बदललं का? तीनशे चौरस मीटरची गच्ची आणि तासाला पन्नास मिलिमीटरचा पाऊस, म्हणजे तासाभरात पंधरा हजार लिटर. अख्ख्या इमारतीचं दिवसभराचं सांडपाणी जेवढं, जवळजवळ तेवढंच एका तासात. असे वीस पाईप एका सहा इंची लाईनला. मग जुलैत झाकण नाचायला लागतं आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरात तिसऱ्या मजल्याचं वरण परत येतं.

काकू फोन करतात. जेटिंगची गाडी येते, नळी चेंबरात सोडतात, दाबाचं पाणी मारतात, दहा मिनिटांत पाणी खाली जातं. काकू विचारतात, ‘अहो, नक्की काय अडकलं होतं?’

‘काय म्हायती नाय काकू. गेलं पुढं.’

‘पुढे कुठे?’

‘पुढच्या चेंबरला.’

‘आणि तिथून?’

‘तिथून पुढचा प्रभाग लागतो.’

काकूंच्या मोबाईलवर तोवर संदेश आलेला असतो: आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. तिकडे पुढच्या प्रभागातल्या काकू फोन शोधत असतात.

हे सगळं वासापुरतं, लाजेपुरतं असतं तरी चाललं असतं. पण त्याच नऊ फुटी बोळात, त्याच चरात, प्यायच्या पाण्याचीही लाईन आहे. दोन्हींत अंतर ठेवा असं नियम सांगतो. अंतर ठेवायला गल्ली कुठून आणायची ते सांगत नाही. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळ. पाणी चालू असतं तोवर लाईनला दाब असतो, फट असली तर पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की उलटं होतं. लाईन रिकामी होताना आत ओढ निर्माण होते आणि सांध्याभोवती जे काही साचलंय ते आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाच मिनिटांचं पाणी पिवळट येतं, आपण ते सोडून देतो, आणि सहाव्या मिनिटाला हंडा लावतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमची साथ आली, राज्यात दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. त्यानंतर महिनाभर पुण्यात चर्चा कशाची? कोणता फिल्टर घ्यावा याची. दोन पाईपांमधल्या मातीत काय चाललंय हे कोणी विचारलं नाही.

लंडनकरांनी विचारलं, पण त्यांनाही फार उशिरा सुचलं. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत आला. पडदे चुन्याच्या क्लोराईडमध्ये भिजवून लावले, तरी खासदारांना बसवेना. मग जे काम वर्षानुवर्षं रखडलं होतं, त्याचं विधेयक अठरा दिवसांत मंजूर झालं आणि जोसेफ बॅझलजेटच्या गटारांना पैसे मिळाले. आपल्याकडच्या सभागृहांची अडचण एवढीच की ती वातानुकूलित आहेत.

आता एक गोष्ट जरा सरळपणे सांगतो. पाईपाचं छत खाणारा जो वायू वर सांगितला, तोच माणूसही मारतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि आत उतरलेल्याला वाटतं, हवा बरी आहे. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. बातमीत म्हणून आकडा बहुतेक वेळा एक नसतो. माणसाला गटारात असं उतरवणं 2013 च्या कायद्याने बंद आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली, आणि ठेकेदाराच्या माणसाकडे अजून साधे हातमोजे नाहीत. चौकशीत छापील उत्तर तयार असतं: तो कामगार आमचा नव्हता, पोटठेकेदाराचा होता, आणि त्याला उतरायला कोणी सांगितलं नव्हतं. तो हौसेने उतरला असणार.

तुंबलेल्या लाईनमध्ये माणूस उतरतो, कारण ती तुंबेपर्यंत तिच्याकडे कोणी बघितलेलं नसतं. आणि बघायची साधनं काही नवी नाहीत. जुने ओव्हरसियर एका चेंबरात दिवा धरत, पुढच्या चेंबरात आरसा. आरशात दिव्याचं अख्खं वर्तुळ दिसलं तर लाईन सरळ नि मोकळी, अर्धं दिसलं तर मधे कुठेतरी बसलीय. दोन चेंबरांत तीसेक मीटर अंतर, तपासणीला दहा मिनिटं. आता चाकांवरचा कॅमेरा आहे, तो पाईपातून फिरून सांध्या-सांध्याचं चित्रीकरण आणतो. फुटलेली लाईन रस्ता न खणता आतल्या आत दुरुस्त करायचं तंत्रही आहे: राळेत भिजवलेली नमद्याची लांबलचक नळी चेंबरातून आत सोडायची, पाण्याच्या दाबाने पाईपाच्या पोटाला चिकटवायची आणि गरम पाणी फिरवून कडक करायची. जुन्या पाईपात नवा पाईप. एरिक वूड नावाच्या इंग्रजाने 1971 मध्ये लंडनमध्ये हे पहिल्यांदा केलं. पूर्ण बसलेल्या किंवा उतार गेलेल्या लाईनला ते उपयोगाचं नाही, तिथे खणावंच लागतं. पण गल्लीतला कुठला पाईप कोणत्या अवस्थेत आहे हे कळायला आधी कॅमेरा आत गेला पाहिजे.

अडचण तंत्राची नाही, अडचण दिसण्याची आहे. रस्ता न खणता दुरुस्ती झाली तर लोकांना कळणार कसं? खणलं नाही म्हणजे रस्ता पुन्हा करण्याचं काम निघालं नाही, मुरूम आला नाही, ट्रक आला नाही, कोणाचाच पाठपुरावा यशस्वी झाला नाही. एवढं निरुपद्रवी काम करून निवडणूक कशी लढवायची?

तर माझी एक सूचना आहे, आणि ती मी अगदी गंभीरपणे करतोय. दुरुस्तीलाही फ्लेक्स द्या. मोठा द्या, चौकात लावा. डाव्या बाजूला कॅमेऱ्याने टिपलेला पाईपाच्या आतला ‘आधी’चा फोटो: पिंपळाची दाढी, तुटलेला सांधा, त्यात अडकलेली कोणाची तरी साडीची किनार. उजव्या बाजूला ‘नंतर’चा: गुळगुळीत, कोरडा, टोकाला दिव्याचं पूर्ण वर्तुळ. मधे माजी आणि भावी दोघांचेही हात जोडलेले फोटो. खाली ठेकेदाराचं नाव, हमीची वर्षं आणि लाईनचा नकाशा, म्हणजे मुकादम निवृत्त झाला तरी गल्लीला आपली गटारं सापडतील. सोसायट्यांनाही एक कोपरा राखून ठेवा: ‘गच्चीचा पाईप ड्रेनेजमधून काढून पावसाळी गटाराला जोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. चेअरमनचा फोटो आला की पुढची सोसायटी आठ दिवसांत तयार होईल; ईर्ष्येने जेवढी कामं होतात तेवढी नोटिशीने होत नाहीत.

काम सुरू करताना चेंबरच्या झाकणावर नारळही फोडा, माझी हरकत नाही. फक्त करवंट्या आत टाकू नका.